खुडकीची एक वर

शोभे, आणि सुरतेला जाऊन बसलेल्या बाळू, तुम्हा दोघा भावंडांनाही आठवत असेल. चोपड्याच्या स्टँडवर इंदूरची गाडी लागली होती, माझ्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती, आणि माय टोपलीत कोंबडी घेऊन आली. नव्या जावयाचं तोंड बघण्यासारखं झालं. "इंदुरात कोंबडी? लोक काय म्हणतील!" टोपली बाळूच्या हातात परत गेली. गाडी हलली तशी माय खिडकीशी धावत आली. लेकीला जाताना सांगायचं काय, तर, "घर झालं की पाळ गं. माणशी एक, नि वर एक खुडकीची धर." मी रडता रडता हसले होते.

मायचा हिशेब तुम्हाला पाठच आहे. गावठी कोंबडी अंडी देता देता मधेच खुडूक होते, अंडी बंद करून नुसती फुगून बसते, जवळ गेलं की टोचते. घरात एक तरी मेली खुडूक असायचीच. म्हणून आपण पाच माणसं, तर खुराड्यात सहा.

इंदुरात मी ते सगळं विसरले. भाड्याच्या दोन खोल्या झाल्या, प्राची झाली, मग राजेंद्र नगरच्या मागे आपलं छोटं मकान झालं, मागे हातभर अंगण. अंडी कोपऱ्यावरच्या दुकानातून यायची. माझी मराठी तर अशी झाली की फोनवर तुम्ही दोघं खिदळता. मी 'जल्दी कर' म्हणते आणि मला कळतही नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात प्राचीच्या पप्पांच्या छातीत पाणी झालं. साधा खोकला म्हणून परदेशीपुऱ्यातल्या कारखान्यात ड्यूटीवर जात राहिले, आणि एक दिवस तिथूनच त्यांना दवाखान्यात नेलं. नळ्या, मशीन, आणि मधे हे, उशीएवढे. मी घाबरले. तुम्हाला फोनवर 'सब ठीक है' म्हणत होते ना, ते खोटं होतं. दाराशी चप्पल वाजली तरी मी उठून उभी राहायचे.

डॉक्टर म्हणाले, "घर जाएँगे तब अंडे देना, दूध, दाल. ताकत आनी चाहिए." बाकी काय काय बोलले, प्राचीने ऐकलं. मी फक्त 'घर जाएँगे' धरून ठेवलं. घरी येणार असतील तर घरात अंडी हवीत. दुसऱ्या दिवशी प्राचीला घेऊन हाटात गेले.

मुर्गीवाला म्हणाला, "दीदी, कित्ते जने हो घर में?"

साधा सवाल. मी बोटांवर मोजायला लागले. प्राची मोबाइलवर कोंबड्यांचा हिशेब वाचून आली होती, ती बोलून गेली, "भिया, दो दे दो. आई, अभी तर आपण दोघीच आहोत ना."

अगं, मी तिचा हातच धरला. भर बाजारात ओरडले तिच्यावर, "दोघी म्हणायचं नाही! तीन माणसं आहेत घरात." मग मुर्गीवाल्याला म्हटलं, "चार दो." तो भला माणूस. म्हणाला, ही अंड्याची जात आहे, बैठती नहीं, रोज देती है, तीन लोगों को भी दो बहुत. मी ऐकलंच नाही. माणशी एक, वर एक खुडकीची. एक जरी कमी घेतली असती तर मीच यांना घरातून उणं केलं असतं, असं वाटलं.

झालं काय, त्या चारही जणी इमानदारीने अंडी घालायला लागल्या. खुडूक व्हायचं नावच नाही! आम्ही दोघी खाणार किती? यांच्या घशाखाली तर पेजही उतरत नव्हती. आजाऱ्याचा वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही, हे आपल्या घरचंच, त्यामुळे शेजारी देणंही बंद. फ्रिज सोडून मायसारखा गव्हाच्या कोंड्यात अंडी ठेवून डबा भरत गेले. डबा भरला, दुसरा काढला. ते डबे बघवेनात. यांच्या वाट्याची जितकी अंडी, तितके दिवस हे घरात नव्हते.

एका सकाळी यांच्या वाट्याचं पहिलं अंडं पाण्यात टाकून पाहिलं. ताजं बुडतं, जुनं वर येतं. ते वर आलं, डोलत राहिलं. मी ओट्याशीच बसले आणि मायला फोन लावला. पहिल्यांदा खरं सांगितलं. माय, मी फार भ्यालेय गं.

मायने सगळं ऐकून घेतलं. मग विचारते काय, "कोंबड्या किती घेतल्या?"

"चार."

"बरोबर घेतल्या. जुनी अंडी फेक, नवी भर. माझ्या अजून सहा आहेत."

म्हटलं, सहा कशाला? तू आणि बाबा, दोघंच तर आहात.

"दोघं कशी? तुम्ही तिघं भावंडं, आम्ही दोघं, नि एक खुडकीची," माय म्हणाली, आणि मलाच रागावली, "मोजता येत नाही का तुला?"

शोभे, बाळू, तुम्हाला ठाऊक होतं का हे? मी इतकी वर्षं त्या गावाला 'माझं होतं' म्हणत आले, आणि तिथे रोज सकाळी माझ्या नावाची कोंबडी दाणे टिपत होती.

हे घरी आले. काठी टेकत मागच्या दारापर्यंत गेले, खुराड्यात डोकावले, म्हणाले, "चार? आपण तर तिघंच." मला हसू येईना आणि रडूही आवरेना. उकडलेलं अंडं त्यांनी अर्धंच खाल्लं. उरलेलं अर्धं मी झाकून ठेवलं.

भीती गेली असं नाही. रात्री ते खोकले की मी अजून उठून बसते. त्यात प्राचीला पुण्यात नोकरी लागली. परवा तिला गाडीत बसवलं, खिडकीशी मी पण धावले, आणि तोंडातून मायचेच शब्द निघाले. ती हसली, डोळे पुसत.

परतताना हाटावरून आले. चारातली एक मांजराने नेली होती. मुर्गीवाल्याने ओळखलं, मी त्याला सगळं सांगितलं. "दीदी, बिटिया तो गई. अब तीन बहुत हैं ना?"

"एक दे दो भिया," मी म्हटलं. "चार लगती हैं हमको."