परक्या घरचं जेवण

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसानं समुद्र बघायला विमानात बसणं म्हणजे निव्वळ माज, यावर माझ्या ऑफिसात सगळ्यांचं एकमत झालं. मांडवीला चालत जाता येतं, आरे-वारेला स्कूटरवरून, मग श्रीलंका कशाला? मी म्हटलं, रविवारी आरे-वारेला जा आणि गाडी लावायला जागा मिळाली तर मला फोन करा. कुणाचा फोन आला नाही.

बेत खरं तर नवऱ्याचा होता. त्याला निवांत किनारा हवा होता आणि तिथल्या लोकांच्या घरात शिजणारं जेवण हवं होतं. मोबाइलवर आठवडाभर डोळे फोडून त्यानं दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावात एक बाई शोधून काढली. ती घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची आणि स्वतः रांधून वाढायची. आईला अनुराधापूरचा बोधिवृक्ष बघायचा होता. तेव्हा आधी बोधिवृक्ष, मग समुद्र, असा तह झाला. माझा मतलब मी कुणाला सांगितला नव्हता. मला आईला एकदा तरी परक्या घरात पोटभर जेवताना बघायचं होतं.

आई कुणाकडे जेवत नाही. भावकीत जेवते, विहारातल्या भोजनदानात जेवते, हॉटेलसुद्धा चालतं, कारण पैसे टाकले की विषय संपला. पण बाहेरच्या कुणाच्या घरात गेली की तिचं पोट कायम भरलेलं असतं. ‘मी चहा पीत नाय,’ असं घरी दिवसातून तीनदा चहा पिणारी ही बाई बिनदिक्कत सांगते. माझ्या मैत्रिणींना ती मानी वाटते, एकीला तर तिला डायबेटिस आहे असं वाटायचं.

त्याचं कारण ती मला एकदाच बोलली होती, मी दहावीत असताना. लहानपणी ती आपल्या आईबरोबर गावातल्या एका घरी भात झोडायला जायची. त्या घराच्या गोठ्यात, भिंतीच्या कोनाड्यात, आमच्या लोकांसाठी कान तुटलेला एक कप ठेवलेला असे. चहा वरून ओतायचे. पिऊन झाला की आपणच धुवायचा आणि पालथा घालून ठेवायचा. बाकीचे ओसरीवर बसून प्यायचे, या दोघी गोठ्याच्या दारात. पुढे आई शिकली, अंगणवाडीत लागली, तीस वर्षं गावच्या पोरांना स्वतःच्या हातानं खिचडी वाढली. दिवस बदलले हे तिला कळतं. माझ्या मैत्रिणी तिला आपल्याच ताटातलं देतील हेही कळतं. ‘पण गळ्याखाली उतरत नाय गो,’ म्हणते.

तर श्रीलंकेला जाताना तिच्या बॅगेत चपात्या, सुक्या खोबऱ्याची चटणी आणि भाजलेले पोहे होते. ‘हे हॉटेलच आहे असं समज,’ मी विमानात तिला म्हणाले. ‘घर ते घर,’ ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

त्या गावात आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चपात्या, पोहे सगळं अनुराधापुरातच संपलं होतं आणि सकाळपासून आईच्या पोटात दोन केळी होती. त्या दिवशी पौर्णिमा होती. आमच्याकडे पौर्णिमेला विहारात जाताना नेसते तशी तिनं पांढरी साडी नेसली होती. घर छान होतं. कौलारू, समोर नारळाची झाडं, त्यापलीकडे समुद्र आणि किनाऱ्यावर एक म्हणून माणूस नाही. नवरा तिथल्या तिथे खूश झाला. घरमालकीण साठीच्या आसपासची असावी. तिनं हसून हात जोडले, पण आईकडे पाहताना तिची नजर जरा जास्तच वेळ थांबली. मला ते खटकलं.

तिनं व्हरांड्यातल्या टेबलावर आम्हा नवराबायकोसाठी दोन ताटं मांडली. लाल तांदळाचा भात, नारळाच्या दुधातली डाळ, ओल्या खोबऱ्याची तिखटजाळ चटणी आणि कोवळ्या फणसाची भाजी, म्हणजे आपली कुयरी. मासळी नव्हती, पौर्णिमा ना. आईसाठी मात्र व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक खुर्ची नेऊन ठेवली, तिच्यावर पांढरं कापड घातलं आणि तिथे बस म्हणून हातानं खुणावलं. मग वेगळ्या कपाटातून एक वेगळा कप काढला आणि त्यात बिनदुधाचा चहा आणून दिला. ताट नाही, भात नाही.

मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती कप घेऊन उठली, अंगणात जाऊन चहा पपईच्या मुळाशी ओतला, नळावर कप स्वच्छ धुतला आणि अंगणाच्या दगडी गडग्यावर पालथा घातला. परत येऊन शांतपणे म्हणाली, ‘तुमी जेवा. मला भूक नाय.’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. समुद्र ओलांडून, पासपोर्ट काढून, बुद्धाच्या देशात आलो, आणि इथेही हेच? नवरा दबक्या आवाजात म्हणाला, ‘आधी विचार तरी.’ ‘विचारायचं काय त्यात? डोळे फुटलेत का माझे?’ मी उसळले. बॅगा उचलायच्या आणि निघायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पण चार शब्द सुनावल्याशिवाय निघणारी मी नव्हे. तशीच उष्ट्या हातानं स्वयंपाकघरात गेले.

ती बाई खिडकीपाशी उभी होती. गडग्यावरचा पालथा कप तिला दिसला होता आणि तिचा चेहरा पडला होता. चहा बिघडला का, तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं. माझंही इंग्रजी त्या वेळी धड नव्हतं. माझी आई लांब का बसलीय, तिला वेगळा कप का, तिला ताट का नाही, मी एका दमात विचारलं.

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या पूर्ण चंद्रावर बोट ठेवलं आणि तेच बोट आईच्या साडीकडे केलं. ती तुटक बोलत होती, पण मला सगळं कळलं. आज पौर्णिमा, त्या पांढऱ्या वस्त्रात आल्या, म्हणजे त्यांनी अष्टशील, आठ नियमांचं व्रत, घेतलेलं असणार. बारानंतर त्या अन्न घेणार नाहीत, फार तर बिनदुधाचा चहा. मग त्यांच्यापुढे ताट कसं मांडू? आणि शील पाळणाऱ्या बाईला साध्या माणसांच्या बरोबरीनं टेबलावर कसं बसवू, त्यांना मानाचं आसन नको? तो कप तर मी विहारातले भंते घरी आले तरच काढते. पाहुणे यायचे म्हणून मला आज विहारात जाता आलं नाही, शील घेता आलं नाही. पण तुमची आई दारात दिसली आणि बरं वाटलं.

मी तिथल्या बाकावर बसकणच मारली. हसू आलं, रडू आलं, आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. अष्टशील मला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पावसाळ्यातल्या वर्षावासात आई स्वतः विहारात घेते, दुपारनंतर घास घेत नाही. पण वेगळी खुर्ची, वेगळा कप दिसल्यावर तिला आणि मला, दोघींनाही, पहिल्यांदा सुचला तो गोठाच. याची मला लाज वाटली, आणि रागही आला, पण त्या बाईचा नव्हे.

बाहेर येऊन मी आईला सगळं सांगितलं. तिनं ते मान खाली घालून ऐकलं.

‘भंतेंचा कप?’ तिनं विचारलं.

‘हो.’

‘आणि मी तो चहा पपईला घातला!’ ती कपाळाला हात लावून म्हणाली. डोळे भरले होते तिचे, पण ती हसत होती. मग एकदम माझ्यावरच खेकसली, ‘अगो, मग बघत काय राहिलीस? सांग जा तिला, मी आज शील घेतलेलं नाय. मला भूक लागलीय!’

माझ्या उभ्या आयुष्यात परक्याच्या घरात बसून आईनं हे वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. नवरा पाणी पिता पिता थांबला. मी आत जाऊन सांगितलं तेव्हा त्या बाईनं तोंडावर हात ठेवला, स्वतःशी काहीतरी बडबडली आणि धावत बाहेर येऊन आईला मनगटाला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. चुलीजवळच्या बाकावर बसवून तिच्यापुढे ताट मांडलं. आईनं आधी कुयरीची भाजी चाखली, मान डोलावली, मग डाळ-भात कालवला आणि मुकाट्यानं जेवायला लागली. मीही बाहेर आले होते, पुन्हा आत गेले नाही. मध्ये बोलून मला काही बिघडवायचं नव्हतं. दारातच उभी राहिले.

भात संपला तेव्हा आईनं रिकामं ताट उचलून त्या बाईपुढे धरलं.

‘आणखी वाढ गो थोडा,’ ती मराठीतच म्हणाली. आणि त्या बाईनं वाढला.