डॉक्टरच्या चहाड्या

“डॉक्टर, जेवलास का रे?” असे विचारून ती पुतळ्याच्या बुटावर टिचकी मारायची आणि उत्तराची वाट पाहत असल्यासारखी क्षणभर थांबायची. मग माझ्याकडे वळून म्हणायची, “नाही म्हणतोय. लिहीत बसला असेल.”

इथे कॅनडात, मार्कहॅमला आमच्या काँडोच्या इमारतीमागच्या पार्कात हा पुतळा आहे. जुई, अर्णव, तुम्ही तो पाहिला आहे. फिलिपिन्सचा राष्ट्रवीर. डोळ्यांचा डॉक्टर आणि लेखक. आपल्या लोकांचे हाल त्याने कादंबऱ्यांत लिहिले. पुढे बंड पेटले तेव्हा स्पॅनिश सरकारने ते त्याच्या माथी मारले आणि मनिलात त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो जेमतेम पस्तिशीचा होता. एवढे मी पाटीवर वाचले होते, आणि जन्मभर लायब्ररीत नोकरी केल्यामुळे आणखीही बरेच वाचले होते. ती मात्र यातले काही सांगायची नाही. ती त्याच्या फक्त चहाड्या सांगायची.

तिचे नाव लिहीत नाही. तुम्ही तिला लोला म्हणत होतात, ते पुरे. त्यांच्या भाषेत लोला म्हणजे आजी. हा शब्द तुम्ही एका दुपारीत शिकलात. ती माझी भिंतीला भिंत लागून शेजारीण, हायस्कुलातली निवृत्त गणिताची टीचर, माझ्यासारखीच एकटी. आमचे बोलणे इंग्रजीतच चालायचे, ते मी इथे मराठीत लिहिते आहे.

“मनिलात त्याला भर उन्हात ओव्हरकोट घालून उभा केलाय,” ती सांगायची. “आम्ही शाळेतल्या पोरी हसायचो, बिचारा घामाघूम झाला असेल म्हणून. इमिग्रेशन करून इथे आला, तेव्हा कुठे त्याचा कोट कामाला आला.”

डिसेंबरअखेर त्याच्या स्मरणदिनी तिचे लोक बर्फात फुले वाहायला जमायचे. गंभीर भाषणे चालायची आणि ही मागे माझ्या कानाशी कुजबुजायची, “डोक्यावर टोपी नाही बघ. आई असती तर ओरडली असती.”

मला तिचा हेवा वाटायचा. दर रविवारी जवळच्या वॉन गावाहून तिची नातवंडे यायची आणि हॉलवेमध्ये बुटांचा ढीग पडायचा. माझ्या दाराशी एकच जोड, माझा, भिंतीला समांतर. रविवारी संध्याकाळी मी आयपॅड स्टँडवर लावून, केस नीट करून बसायची. मेलबर्नला तेव्हा तुमची सोमवारची सकाळ, शाळेची घाई. “हाय आजी! बाय आजी!” एवढ्यात स्क्रीन काळा. मग पलीकडचे खिदळणे भिंतीतून ऐकू यायचे.

म्हणून त्या जुलैत तुम्ही आलात तेव्हा मी तयारीत होते. आपल्या थोर माणसांचा एक चार्ट करून फ्रिजवर लावला होता. जन्म, मृत्यू, कार्य, तीन रंगांत. तुम्ही फ्रिज उघडायचात, चॉकलेट मिल्क घ्यायचात आणि शेजारी पळायचात.

तुम्हाला बोलवायला गेले की तिची गोष्ट अर्ध्यावर आलेली असायची. केळ्याचे गरमगरम रोल मध्ये ठेवलेले. मग मीही “पाचच मिनिटं” म्हणून टेकायची.

“आईची नजर जायला लागली, म्हणून हा डोळ्यांचा डॉक्टर झाला,” ती सांगत होती. “स्वतः ऑपरेशन केलं. बजावलं, आई, पट्टी काढायची नाही. आणि आईनं काय केलं?”

“काढली!” अर्णव ओरडला.

“काढली! दिसतंय का ते बघायचं होतं ना! हा इतका चिडला, इतका चिडला, की घरच्यांना पत्र लिहून आईची तक्रार केली.”

“पुअर हिम,” जुई म्हणाली.

“कसला पुअर? माझाही मुलगा डेंटिस्ट आहे. मी ऐकते का त्याचं?”

दुसऱ्या दिवशी चपलेची गोष्ट निघाली. लहानपणी होडीतून जाताना त्याची एक चप्पल नदीत पडली, तर त्याने दुसरीही काढून फेकली. ज्याला सापडतील त्याला जोडी तरी मिळावी.

मला राहवले नाही. “ही आमची गोष्ट आहे. आमच्या राष्ट्रपित्याची. नदी नाही, आगगाडी होती.”

“असेल की. त्यांच्याही पायांत चपला होत्याच ना?”

“पुरावा काय तुझ्याकडे?”

“पुरावा लायब्ररीवाल्यांनी शोधायचा. मी फक्त चपला मोजते. दोन आणि दोन, चार.”

तुम्ही दोघे गालिच्यावर लोळून हसलात, आणि तिच्या बाजूने हसलात. मी तुम्हाला जेवायला घरी घेऊन आले, तर जुई, ताटावर बसून तू म्हणालीस, “बट आजी, लोला नोज हिम.” माझा वरणभात गार झाला.

तुम्ही परत गेलात. काही महिन्यांनी, जुई, तुझ्या शाळेत आपापल्या वारशातल्या वीर व्यक्तीवर बोलायचे होते. तुझ्या आईने मोठ्या कौतुकाने व्हिडिओ पाठवला. मी पाठवलेले खणाचे परकर-पोलके घालून, कपाळाला टिकली लावून तू वर्गासमोर उभी, आणि बोलतेस कुणावर, तर फिलिपिन्सच्या डॉक्टरवर! शेवटी म्हणालीस, “माय ग्रँडमदर इन कॅनडा टोल्ड मी.”

मी आयपॅड घेऊन तडक तिचे दार वाजवले.

“बघ. माझी नात पळवलीस तू.”

तिने चष्मा लावून व्हिडिओ पाहिला, पुन्हा पाहिला आणि डोळे पुसले. “पट्टीचं विसरली नाही ग!”

“परकर-पोलकं मी पाठवलंय.”

“कपडे तुझे, माणूस माझा. फिटंफाट.”

“मी इतक्यांची ओळख करून दिली तिला. एकही आठवला नाही?”

“तू ओळख करून देतेस,” ती म्हणाली, “मी चहाडी सांगते. मुलांना चहाडी आवडते. तुझ्या चार्टमधल्या एकाची तरी आई ऐकत नव्हती का?”

चहा टाकते म्हणाली, मी थांबले नाही. बरेच दिवस तिचे दार उघडल्याचा आवाज आला की मी लिफ्टला जायचे टाळायची. मग तिचे दार उघडल्याचा आवाजच येईना. तेव्हा कळले की ती हॉस्पिटलमध्ये आहे आणि घरी आली तरी फार दिवस राहणार नाही.

ती घरी आली. मी रोज जायला लागले. त्याच्या मृत्यूबद्दल ती तुम्हा मुलांशी कधी बोलली नव्हती. माझ्याशी एकदाच बोलली, आणि त्यात चेष्टा नव्हती.

“देशद्रोही म्हणून पाठीत गोळ्या घालायच्या होत्या. गोळ्या लागता लागता तो वळला. आभाळाकडे तोंड करून पडला.” थोडा दम घेऊन म्हणाली, “तोंड कुठे करायचं, तेवढं आपल्या हातात असतं.”

तिने मुलाला सांगून पलंग फिरवून घेतला होता. खिडकीतून पार्क दिसायचा, पण तिला दार दिसायला हवे होते. रविवारी कोण आधी आत शिरते, ते बघायला.

फॉलमध्ये, पानगळ सुरू असताना, ती गेली. त्यांच्यात नऊ दिवस रोज संध्याकाळी प्रार्थना असते आणि नंतर सगळ्यांना जेवण. तिची नातवंडे तिच्या नकला करत होती. एकाने तिचा खोकला केला, एकीने भाजीवाल्याशी घासाघीस. लोक रडत होते आणि हसत होते. मी कागदी प्लेट धरून उभी होते आणि गेलेल्या बाईचा हेवा करत होते. माझ्या मागे माझी नक्कल कोण करणार? तुम्ही मला स्क्रीनवर पाहिलेले, खांद्यापासून वर.

त्या रविवारी मी तुम्हाला सांगितले. जुई, तू ‘हाय-बाय’ केले नाहीस. तू रडायला लागलीस. माझ्यासाठी तू कधी रडली नव्हतीस, हे तेव्हाही माझ्या मनात आले. मी सवयीने सुरू केले. तिचा जन्म कुठला, शिक्षण काय, या देशात केव्हा आली. तू नाक पुसत दुसरीकडे पाहायला लागलीस.

मी थांबले.

“तुला माहितीये,” मी म्हणाले, “ती मॉलमधल्या फूड कोर्टवरून केचपची पाकिटं उचलायची. मूठ मूठ. एकदा सिक्युरिटी गार्डसमोर पर्स उलटी झाली. सगळीकडे केचप! गार्ड बघतच राहिला. तर ही माझ्याकडे बोट करून म्हणते, ‘हिला ब्लड प्रेशर आहे, डॉक्टरनं सांगितलंय.’”

रडता रडता तू हसलीस. “आणि मग?” तू म्हणालीस. मराठीत.

मग मी गार्डचे तोंड करून दाखवले. तिचा आवाज काढून दाखवला. खोलीभर चालून तिची चाल दाखवली, त्यासाठी आयपॅड शेल्फवर ठेवावा लागला. भिंतीपलीकडे काही हालचाल नव्हती. तुझी आई दोनदा हाका मारून गेली. तू म्हणालीस, “थांब ना, आई.”

त्या दिवशी तुझी स्कूल बस चुकली. तुझ्या आईने मला तसा मेसेज केला. मी सॉरी लिहिले नाही.