चिरंजीवांचा तार पंचम

शुक्रवार, २१ नोव्हेंबर. तुरीची डाळ निवडायला घेतली होती आणि कानात बुवांचं नवं रेकॉर्डिंग चालू होतं. लातूरच्या एका दैनिकात मी शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डिंगची परीक्षणं लिहिते. याचं परीक्षण शनिवारच्या अंकात जायचं होतं. शनिवारीच संध्याकाळी बुवांचं लातूरला गाणं, आणि मागे तानपुरा घेऊन बसायला नेहमीप्रमाणे मी.

बुवा नांदेडचे, माझे गुरू. रेकॉर्डिंग त्यांच्याच बैठकीच्या खोलीत झालं, तेव्हाही मागे मीच होते. बुवांचा आवाज आता वर जात नाही. द्रुत बंदिशीत तार पंचमाची जागा आली की ते नुसता हात उचलायचे आणि सूर मी लावायचे.

शेजारी लसूण सोलणाऱ्या सासूबाईंनी एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला.

"आगं, हे तर तूच हायस की! न्हाणीत असंच वरडतीस."

"हाव, मीच."

माझं नाव बघायला मी मोबाइलवर मुखपृष्ठ उघडलं. तबलजी होते, पेटीवाले होते. खाली लिहिलं होतं, "गायनसाथ : चिरंजीव." म्हणजे बुवांचे चिरंजीव. त्या दिवशी ते खोलीत आले होते ते कूलर बंद करायला.

डाळ बाजूला ठेवून बुवांना फोन लावला.

"आगं, तू घरचीच ना? घरच्यांचं नाव कुठं लिहितेत?"

"चिरंजीव घरचे नाहीत का?"

"त्याला पुढं जायचंय, उद्या तोबी माझ्यामागं बसणार हाय. तुझं काय, तुझा संसार झाला. उद्या येळेवर ये."

मी उरलेली डाळ निवडून डब्यात भरली आणि लिहायला बसले. बुवांच्या गाण्यावर चार ओळी लिहिल्या, बाकी सगळं गायनसाथीवर. तार पंचम असा निर्भेळ की ऐकणारा हातातलं काम विसरेल. लातूरच्या रसिकांनी उद्या चिरंजीवांकडे याच जागेची फर्माईश करावी, आणि पुन्हा पुन्हा करावी. पंचमाबद्दल एक अक्षर खोटं लिहिलं नाही. नाव तेवढं त्यांनी छापलं होतं तेच ठेवलं.

"चांगलं का लिहायलीस त्याच्याबद्दल?" सासूबाईंनी विचारलं.

"उद्या कळेल."

सकाळी अंक आला. नऊच्या सुमाराला बुवांचा फोन, गाडी लोह्याच्या पुढे आली होती.

"लई झकास लिहिलंस. पोरगं खूश हाय. तानपुरे आणलेत, तू फक्त ये."

"मी मागे बसणार नाही, बुवा."

"आं? का गं?"

"लोक चिरंजीवांना ऐकायला येणार. मी मागे असले तर उगाच कुणाला वाटेल, आवाज माझाच आहे."



"आगं पण... तो पंचम?"

"तो चिरंजीवांचा. तुम्हीच छापलाय."

फोन ठेवला, इस्त्रीची साडी नेसले आणि गंजगोलाईतल्या आयोजकांच्या दुकानात गेले. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मागून घेतली. फर्माईशीच्या चिठ्ठ्या ते संध्याकाळी गोळा करणार होते. मी माझी तिथंच गल्ल्यावर उभ्या उभ्या लिहून त्यांच्या हातात दिली.