तलावाची पाळ आणि माझा छापील अपराध

सत्काराच्या अपेक्षेनं केलेला प्रवास बहुधा फसतो. हा तर पहिल्याच मुक्कामी फसला. सिरोंच्यापर्यंत जाऊन गोदावरी पाहायचा बेत होता, ती अजून पाहायचीच आहे. तेव्हा गोदावरीच्या माहितीसाठी इथं आलेल्यांनी आत्ताच परत फिरायला हरकत नाही.

झालं असं, आश्विनातल्या एका दुपारी सुनंदाबाईंचा फोन आला. चंद्रपूरकडचं मूल हे गाव आणि गडचिरोली यांच्या मधल्या एका खेड्यात त्या सामुदायिक रेडिओ चालवतात. आसपासच्या दहा-बारा गावांपुरतंच ऐकू येणारं केंद्र. धानाचे भाव, लसीकरणाचे दिवस, हरवलेल्या म्हशी आणि आठवड्यातून एकदा गावाचा इतिहास.

"सर, तुमी आमच्या तलावावर लेख लिवला होता ना? त्याच्यावरच कार्यक्रम करून राह्यलो. तुमी या."

तो लेख दहा-बारा वर्षांपूर्वीचा. त्याला तीन वाचक लाभले असावेत, अशी माझी समजूत होती. संपादक, मुद्रितं तपासणारा आणि मी. त्यातही संपादकांबद्दल शंका होती. तो अजून कुणाच्या लक्षात आहे म्हटल्यावर मी इस्त्रीचा झब्बा बॅगेत सर्वांत वर ठेवला. शाल मिळेल न मिळेल, श्रीफळ तरी कुठे जात नाही.

नागपूरहून पहाटेची एसटी धरा. वरोऱ्याला ती नाश्त्यापुरती थांबते. तर्री-पोहे खा, पण तर्री आधी बोटानं चाखा, मी नाही चाखली. चंद्रपूरला बस बदलून मूलच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं. वाघापासून सावध राहण्याच्या पाट्यांवर माकडं बसलेली असतात.

"वाघ दिसतो का हो इथे?" मी कंडक्टरला विचारलं.

"दिसला त सांगतो जी. सध्या तुमचे पाय मधात येऊन राह्यले, ते आत घ्या."

गावात लॉज नाही. राहायचं असेल तर मूलला राहा. मी सुनंदाबाईंच्या घरी उतरणार होतो. फाट्यावर उतरलो तर चहाच्या टपरीवर रेडिओ चालू होता आणि त्यातून माझीच वाक्यं येत होती. 'मालगुजारांच्या दूरदृष्टीचं हे जलमय स्मारक…' वाक्य माझंच, शंका नको. आयुष्यात प्रथमच माझा मजकूर ऐकताना कुणी चहा ढवळायचा थांबलेला पाहिला. छाती फुगली. मग सुनंदाबाईंचा आवाज आला, "हे झालं पेपरात छापलेलं. ज्याले हरकत असंल त्यानं संध्याकाळी पारावर यावं. लेख लिवनारे सर सोता येऊन राह्यले."

छाती जागच्या जागी थांबली.

या केंद्राची एक रीत आहे. गावाच्या इतिहासातली कुठलीही गोष्ट पक्की करण्याआधी ती पिंपळाच्या पारावर भोंग्यावर वाजवतात. हरकत असेल त्यानं यावं, माइकपुढं बोलावं. हरकत खरी ठरली तर ज्यानं मूळ गोष्ट सांगितली त्यानंच स्वतःच्या तोंडानं ती दुरुस्त करायची. लहानपणी संस्कृत पाठशाळेत आम्ही याला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, म्हणजे आक्षेप आणि त्याचं उत्तर, म्हणायचो. पण तिथं पूर्वपक्ष नेहमी मेलेल्या माणसाचा असे, त्यामुळे कुणाला घाम फुटत नसे.

संध्याकाळी पारावर पन्नासेक माणसं होती. हरकत एकच आली, पण ती काठी टेकत आली. यमुनाबाई. तलावाच्या पाळीपलीकडच्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, राहणाऱ्या, सत्तरीच्या, बुटक्या, आणि नजर अशी की माझा झब्बा चुरगळला.

"तूच का तो?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई."

"टोलीवर काऊन नाई आलास तवा?"

उत्तर मला माहीत होतं. मे महिना होता. मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांच्या, वंशातले भाऊराव यांच्या पडवीत मी बसलो होतो. त्यांच्याकडे पन्हं होतं आणि कूलर होता. पलीकडची टोली उन्हात होती. भाऊरावांनी सांगितलं, पाळ त्यांच्या पूर्वजानं आखली आणि बांधली. मी लिहून घेतलं आणि परतीची जीप गाठली. प्रमाणांत, म्हणजे ज्ञानाच्या साधनांत, प्रत्यक्ष पहिलं, हे मी पंधराव्या वर्षी घोकलेलं होतं. पण घोकताना कूलरचा उल्लेख कुणी केला नव्हता.

यमुनाबाईंनी माइक काठीसारखा धरला. मालगुजारानं तलावाचा खर्च केला, हे खरं. पण पाळ दोनदा वाहून गेली. मग त्यांच्या नवऱ्याच्या पणजानं एक अख्खा पावसाळा पाणी कुठून वाहतं ते पाहिलं आणि भोकाच्या टोपलीतून राख सांडत नवी रेघ आखली. त्या रेघेवर पाळ उभी राहिली, ती टिकली. तेव्हापासून दरवर्षी धानाला पाणी सोडण्याआधी त्या घरातलं वडीलधारं माणूस पाळीच्या बाहेरच्या अंगानं राख सांडत अनवाणी चालायचं. दुसऱ्या सकाळी राख पाहायची, मग नारळ फोडायचा आणि मगच पाणी.

"राख जिथी वली, तिथी पाळ पोकळ," त्या म्हणाल्या. "खेकडे बिळं करतेत. ती बुजवाची. तुहा पेपर आला, अन् नारळाचा मान गेला वाड्यावर. नारळ फोडतेत, चालत कोनी नाई."

"मागच्या वर्षी पाळ फुटली, सर," सुनंदाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सहा बांध्या वाळूनं भरल्या." बांधी म्हणजे धानाचं खाचर.

 माझ्या लेखानं काही बिघडू शकतं, ही कल्पनाच मला कधी शिवली नव्हती. मी आजवर स्वतःला निरुपद्रवी समजत आलो होतो. ग्रामपंचायतीत नेऊन मला भिंत दाखवली. काचेच्या चौकटीत माझा लेख, त्यावर माझा तरुण फोटो आणि फोटोला कुंकू. माझ्या आयुष्यात मला इतकं गांभीर्यानं कुणीच घेतलेलं नाही, घरच्यांनी तर नाहीच.

पाच दिवसांवर पाणी सोडायचं होतं. धान निसवायला, म्हणजे लोंबीवर, आलेलं, पाऊस गेलेला. तलाव समितीच्या मंडळींचं म्हणणं सरळ होतं, छापलेलं कसं खोडायचं? पारावर बसलेले भाऊराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमी विचारलं, मी आमच्या घरचं सांगतलं. टोलीवर जाऊ नका म्हनलो होतो का मी?"

नव्हते म्हणाले. हेच तर वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन उन्हात, मी यमुनाबाईंबरोबर पाळीवर गेलो. वेळ त्यांनीच निवडली होती. मुद्दाम निवडली असावी. टोपली त्यांच्या डोक्यावर, भोकातून राख सांडतेय, आणि मागं मी चपला हातात घेऊन. त्यांच्या गुडघ्यांमुळे दर शंभर पावलांवर थांबावं लागे. म्हणजे गुडघे त्यांचे, दम माझा.

"तुमच्यानंतर कोण चालणार?" मी विचारलं.

"कोनी मान देल्ला त चालन ना! बिनमानाची राख कोन डोक्शावर घेते?"

टोलीवर त्यांच्या सुनेनं लाखोळीच्या डाळीचे वडे आणि भात वाढला. या भागात आलात तर हॉटेलात जेवू नका, कुणाशी तरी चूक करून घ्या. जेवण उत्तम मिळतं.

तिसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा पाळीवर. भाऊरावही आले, हात मागं बांधून. सबंध पाळीवर राखेची पांढरी रेघ. फक्त पूर्वेच्या वळणावर, चार हात लांबीत, ती ओली होऊन काळी पडली होती. यमुनाबाईंनी काठी खुपसली. काठी वीतभर आत गेली, मग हातभर. मातीतून गार पाणी झिरपलं आणि एक खेकडा रागानं बाहेर आला.

भाऊरावांनी मागं बांधलेले हात सोडले. त्या वळणाखालची पहिली बांधी त्यांचीच होती.

"माती घेऊन या रे," ते समितीच्या माणसांना म्हणाले. मग यमुनाबाईंना, "बाई, अजून कुठी वली हाय?"

"तुमीच पाहा ना. डोळे त हायेत."

रेडिओ केंद्र म्हणजे शाळेची एक खोली, भिंतींना आवाज अडवायला गोधड्या. मी दुरुस्तीचा मसुदा लिहून नेला होता. 'तत्कालीन परिस्थितीत उपलब्ध साधनांच्या मर्यादेमुळे…' इथपर्यंत वाचलं आणि सुनंदाबाईंनी रेकॉर्डिंग थांबवलं.

"सर, असं बोलान त पाळ पुन्हा फुटन. चुकलो म्हना. सरळ."

म्हणालो. "मी चुकलो. ऊन होतं आणि कूलर होता, म्हणून मी टोलीवर गेलो नाही." बाहेर टपरीवर कुणीतरी मोठ्यानं हसलं, तेही बहुधा प्रसारित झालं असावं. समितीनं एक अट घातली, हे छापूनही हवं, चौकटीत लावायला. वर्तमानपत्राला एवढ्या जुन्या चुकीत रस नाही, विचारून पाहिलं. म्हणून हा ब्लॉग.

घरी परतल्यावर दोन दिवसांनी सुनंदाबाईंनी आवाजाची फीत पाठवली. आधी काठीचे ठोके, सावकाश. मग भाऊरावांचा आवाज, "नारळ बाईच्या हाती द्या." मग नारळ फुटल्याचा आवाज आणि पाठोपाठ बराच वेळ नुसतं पाणी. मी ती तीनदा ऐकली. झब्बा अजून बॅगेतच आहे, त्याच्या खिशात थोडी राख निघाली. ती कशी गेली ते कळत नाही, झटकलेली मात्र नाही.

वरचा मजकूर तुमच्याआधी पारावर भोंग्यावर वाजला आहे. एक हरकत आली. मी लिहिलं होतं, 'आम्हाला बीळ सापडलं.' यमुनाबाईंनी कळवलं, "त्याले काई सापडलं नाई. तो मांगं उभा होता." दुरुस्ती केली आहे.