आईच्या नावावर आलेली बाबांची पेन्शन

मंडळी, आज सकाळी आईला कायमचं नागपूरला आणायला मी उमरेडला गेले होते. बाबा पावसाळ्यात गेले. आता आईने आळीपाळीने माझ्याकडे आणि भावाकडे राहायचं, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं.

आम्ही बॅग भरत होतो, तेवढ्यात तिच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. तिने तो मला वाचायला दिला. विमा कंपनीकडून तिच्या नावावर पहिली पेन्शन जमा झाली होती.

बाबा खाजगी कंपनीत ड्रायव्हर होते. निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या पैशाचा प्लॉट घ्या, असं सगळे सांगत होते. बाबांनी ते आयुष्यभराच्या पेन्शनमध्ये टाकले. त्यातही स्वतःला महिन्याला थोडी कमी मिळेल, पण त्यांच्यामागे आईला तेवढीच चालू राहील, अशी योजना निवडली. तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तिच्यावर कोणाले मागायची पाळी नको."

आईने डोळे पुसले. मग बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवू लागली.

"काहून वं, आई?"

"मले माह्या घरीच राहू दे. तुमच्याकडं येईन, पण पाहुणी म्हणून."

मी एकटीच परतले. बसमध्ये खूप रडले, आणि मनातल्या मनात बाबांचे आभार मानत राहिले.

तुमच्या घरात कुणाला पेन्शन मिळते का? त्यांच्यामागे ती जोडीदाराला मिळणार आहे की नाही, हे कधी विचारलंय?