नाकाची कामं

आजारातून उठल्यावर मी आधी एक यादी केली. याद्या करायची मला सवय आहे. बाजाराची, बियाण्याची, कुणाच्या लग्नात काय आहेर केला त्याची. ही यादी मात्र वेगळी होती. माझं नाक आजवर घरात कोणती कामं करत होतं आणि आता ती कशी करायची, याची. दूध नासलंय का, ते वाटीभर वेगळं उकळून बघायचं. फोडणी करपू नये म्हणून गॅसपासून हलायचं नाही. काम झालं की सिलिंडर बंद. सकाळची भाजी दुपारनंतर ठेवायचीच नाही. मीठ-मसाला चमच्याने मोजून. सगळ्यात शेवटी 'बराख' असं लिहिलं. त्याच्यापुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत बोरी बुद्रुकमध्ये आमच्या घरात एकेक करून सगळ्यांना ताप आला. मला मळ्यातल्या खोलीत वेगळं ठेवलं होतं. सासूबाई दाराबाहेर जेवण ठेवून जात. एक दिवस भाकरीबरोबर लसणाचं तिखट होतं. घास घेतला तर तोंडात ओली माती फिरवल्यासारखं झालं. मी फोन केला.

"आई, तिखटात लसूण घालायचा राहिला का?"

"राहिला? अगं, कुटताना रस्त्यावरच्या माणसाला ठसका लागला, आन् तुला लसूण लागंना व्हय?"

मी तिखट नाकाशी धरलं. मग बोटाला लावून नाकपुडीत. झोंबलं, पण वास नव्हता.

घरातल्या बाकीच्यांचं नाक आठ-पंधरा दिवसांत ताळ्यावर आलं. माझं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, धीर धरा. धीर धरायला माझी हरकत नव्हती, पण कांदा बराखीत भरून झाला होता.

बराख म्हणजे कांदा साठवायची लांबट, उंचावर उभी केलेली खोली. दोन्ही बाजूंनी जाळी, वर पत्रा, खालून वारा. उन्हाळ्यात काढलेला कांदा तिच्यात भरतात आणि भाव बघून पावसाळ्यात बराख फोडतात. तोवर आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. मधला एक कांदा सडला की त्याचं पाणी सुटतं आणि तो खालचे दहा घेऊन जातो. आमच्यात वाटणी ठरलेली होती. शेतातला कांदा माझ्या नवऱ्याचा, बराखीतला माझा. मी रोज सकाळी जाळीला नाक लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायची. सडक्याची घाण कुणालाही येते, पण तोवर उशीर झालेला असतो. त्याच्या कितीतरी आधी वेगळा वास सुटतो, तो मला कळायचा. कुठे हात घालायचा आणि बराख कधी फोडायची, हे मी सांगायची. शेजारच्या घरात राहणारी माझी धाकटी जाऊ मला चिडवायची, "ताई, तुमाला कुणी हुंगून बघितलं तर कांद्याचाच वास यील."

तर नाक गेल्यावर मी डोळ्यांनी आणि हातांनी काम चालवायचं ठरवलं. बराखीखाली ओल दिसते का बघायचं. चिलटं कुठे जमतात बघायचं. जाळीतून हात घालून ऊब लागते का बघायचं. आणि एक दिवस जेवताना सगळ्यांना स्वच्छ सांगितलं, "मला वास येत नाही. बराखीजवळ कुणाला काही जाणवलं तर मला सांगा."

"आमाला काय नाकं न्हाईत व्हय? सांगू की," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने मान हलवली. त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला असलेली जाऊही हो म्हणाली.

नंतरचे दोन-अडीच महिने मी कधी नव्हे इतकी शिस्तीत वागले. चहा गरम पाण्यासारखा लागायचा, पण पावडर मोजून घालत असल्यामुळे सगळे म्हणत चहा झकास. पाहुणे आले तेव्हा मासवड्या केल्या. सारण भाजताना रंगावर लक्ष ठेवलं, रस्सा मापाने केला. पाहुण्यांनी दोनदा मागून घेतला. मीही त्यांच्याबरोबर बसून चार वड्या चावल्या. मऊ, गरम, आत काहीतरी खरखरीत. एवढंच कळत होतं. भूक लागायची नाही. वेळ झाली की जेवायचं, असं चाललं होतं. कुणाला सांगून काय उपयोग होता? आणि रोज रोज तेच काय सांगायचं?

श्रावण सरता सरता पाऊस उघडला तेव्हा नवरा म्हणाला, "आता फोडायची ना बराख?" मी म्हटलं, फोडू. खाली ओल नव्हती, चिलटंही फारशी नव्हती. पण जाळी सोडल्यावर मधल्या भागातून कांदे आलेच नाहीत. काळपट लगदा आला. कामाला आलेल्या बाया पदर नाकाला लावून मागे सरल्या. मी एकटीच वाकून लगद्यात हात घालत होते, कारण मला काहीच त्रास होत नव्हता.

"मला तर नागपंचमीपासनं वास येतूया," सासूबाई म्हणाल्या.

"मग सांगितलं का नाही?"

"तुला काय सांगायचं? तू रोज तितंच असती की."

जाऊ म्हणाली, "मला बी आला व्हता, ताई. पण मला वाटलं, तुमाला ठाव हाय."

नवरा टोपली रिकामी करत होता. "मलाही यायचा. म्हटलं, तू भावासाठी थांबली असशील."

"अहो, पण मला वास येत नाही!"

त्याने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "अजून?"

त्या एका शब्दाने मला जे झालं ते कांदा गेल्याने झालं नाही. लंगडणाऱ्या माणसाचं लंगडणं रोज दिसतं. माझं काहीच दिसत नव्हतं. मी जितकं नीट केलं, तितकं ते यांच्या ध्यानातून गेलं. पुन्हा त्याबद्दल बोलले नाही, म्हणजे बरी झाले असा त्यांनी हिशेब केला. यात कुणाची चूक काढणार? मी लगदा दूरच्या खड्ड्यात टाकला.

पुढच्या हंगामाला कांदा भरला आणि नवरा जावेला म्हणाला, "औंदा बराखीकडं तू ध्यान ठेव." मला विचारलं नाही, पण मी समोरच होते. ते बरोबरच होतं. काम झालं पाहिजे.

जाऊ माझ्याकडे शिकायला आली. "ताई, तुमी म्हणता तो आधीचा वास कसा असतो?"

"गोडसर," मी म्हटलं. "थोडा आंबूस."

"म्हंजी पिठासारका?"

"नाही, पिठासारखा नाही."

"मग गुळावाणी?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. इतकी वर्षं तो वास रोज नाकात होता. आता 'गोडसर' हा शब्द होता, 'आंबूस' हा शब्द होता, पण त्यांच्या मागे काही नव्हतं. "तुला येईल आपोआप," एवढंच म्हणाले. जाऊ हसली. "ताई, तुमी तर शाळंतल्या मास्तरावाणी केलं. पुस्तकात बघा म्हणत्यात तसं."

त्याच पावसाळ्यात एका सकाळी पोह्यांसाठी कांदा तेलात टाकला आणि मला वास आला. पहिल्यांदाच. मी झारा धरून उभी राहिले. मग कळलं की तो सडका वास आहे. सडका आणि वर जळक्या रबराचा. तो कांदा फेकला, दुसरा चिरला. तोच वास. गॅस बंद करून मी थेट बराखीकडे गेले. जाळीला नाक लावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी बराख सडली होती.

"अहो, फोडा," मी ओरडले. "पार गेलीय!"

जाऊ म्हणाली, "ताई, मी आत्ताच हिंडून आले, मला तर काय वास न्हाई." पण नवरा माझ्याकडे बघत होता. खरं सांगते, त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. माझं नाक आलं म्हणून. तो जावेला म्हणाला, "तिला कळतंय. फोडायची." पहिल्यासारखंच.

जाळी सुटली आणि कांदा खळखळत बाहेर आला. कोरडा, लालबुंद, पापुद्रा वाजणारा. आम्ही मधोमध गेलो, तळापर्यंत गेलो. एकही मऊ कांदा नाही. मी एक उचलून नाकाशी धरला, दाबून बघितला, टणक होता, आणि त्याला सडकी घाण येत होती. जावेपुढे धरला. तिने हुंगला. "चांगलाय, ताई," ती हळूच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, कधी कधी वास असा उलटा होऊन परत येतो. कांदा, लसूण, चहा, सगळ्याला तोच एक वास. सुधारेल कदाचित. अजून सुधारलेला नाही.

एकदा हाताळलेला कांदा पुन्हा भरून टिकत नाही. तो मिळेल त्या भावाला गेला. नवरा मला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

आता मी निवडायचं काम करते. आकार, रंग, कोंब, सालीवरची काळी काजळी. त्याला डोळे लागतात. नाकावर फडकं बांधून ओट्यावर बसते. सासूबाई म्हणतात, "फडकं बांधून कांदा निवडणारी शेतकरीण मी पयलीच बघतीया." मीही हसते.

सकाळी जाऊ बराखीच्या कडेने चालते, ते ओट्यावरून दिसतं. कधी ती एका जागी थांबते, जरा जास्तच थांबते. माझे हात थांबतात. काही वास आला का, ते मी विचारत नाही. ती पुढे जाते, आणि मी पुढचा कांदा उचलते.