मामांचे वळसे

"भरताचं मामाले सांगा. मंग कोनाले काही पाहाचं काम नाई," बाहेरच्या खोलीत काका म्हणाले आणि धुळ्याची पाहुणेमंडळी खूश होऊन हसली. मी आत चहा गाळत होते. माझा हात थांबला. माझ्या साखरपुड्याची तारीख नुकतीच ठरली होती. आता जेवणातलं वांग्याचं भरीत ठरत होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, असोद्याचे; तेही मामींसोबत बाहेर बैठकीत होते. त्यांच्याइतका सरळ माणूस आणि त्यांच्याइतके वळसे घालणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा सापडणार नाही. असोद्याहून जळगावला आमच्याकडे सरळ रस्ता येतो. दारू सोडल्यापासून मामा त्या रस्त्याने आलेले नाहीत, कारण त्यावर दारूचं एक दुकान आहे. ते केळीच्या बागांच्या कडेकडेने मोटरसायकल उडवत आणतात आणि भुवयांपर्यंत धूळ घेऊन दारात उभे राहतात. "मी विसरलो तरी गाडी विसरत नाही. तिथं आली की आपोआप हळू होते," असं गंभीरपणे सांगतात. धुळ्याला देवपूरच्या कॉलेजात माझं नाव घालायला ते सोबत आले होते. एरंडोल मागे पडल्यावर एसटीत त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोप लागली. थोड्या वेळाने डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "गेला का तो ढाबा?" मी म्हटलं, "कुठला?" "मग नाही गेला," ते म्हणाले आणि पारोळा येईपर्यंत तसेच बसून राहिले.

खारे दाणे ते खात नाहीत. "दाण्यांचा काही दोष नाही, पण ते एकटे येत नाहीत." घरातले काचेचे ग्लास त्यांनी वाटून टाकले; आता पाहुण्यांनाही पाणी तांब्यानेच, वरून प्यायचं. "लोकांना वाटतं आमच्याकडे कायम सोवळं असतं," मामी म्हणतात. दिवेलागणीला गाव पारावर टेकतं तेव्हा हा माणूस झाडलेला गोठा पुन्हा झाडायला घेतो, आणि म्हशी कंटाळून बाजूला सरकतात.

मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं. इंग्रजीत शिकलेलं मराठीत सांगताना मी अडखळते, एरवीही फारशी बोलत नाही. पण मामांना मेंदूबद्दल ऐकायचं असायचं. एकदा ओट्यावर बसून मी त्यांना सांगितलं, की एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीशी वाटणं, ही मेंदूत बरीचशी वेगवेगळी कामं आहेत. दारूने ते हवंसं वाटायला लावणारं जाळं असं तापून बसतं, की आवड संपली तरी ते निवत नाही. त्याला दारू समोर लागते असंही नाही. ओळखीचा वास, ओळखीची जागा, तेवढंही पुरतं.

मामा म्हणाले, "बरोबर आहे. शेवटी शेवटी मला ती जहरासारखी लागायची बेटा. पण पाय निघायचे."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते जाळं कापून काढता येतं का?"

"काढलं तर बाकीचंही काही हवंसं वाटणार नाही."

"म्हणजे तुझी मामीपण?"

"बहुतेक."

त्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या मामींकडे पाहिलं. "मग राहू दे," म्हणाले.

भरताची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. हिवाळ्यात शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची आणि भाजता भाजता प्यायची, अशी त्यांच्या मित्रांची वर्षानुवर्षांची रीत. भाजणारे कायम मामा. दारू सोडली तेव्हा त्यांनी भरीतही सोडलं. लोकांना वाटलं, भाव खातात. मागच्या हिवाळ्यात मी असोद्याला असताना शेजारच्या मळ्यात कुणीतरी वांगी भाजली. धूर ओट्यापर्यंत आला, आणि मामा भरल्या ताटावरून उठून एका पायात चप्पल घालून चालू लागले. मामींनी हाक मारली ती त्यांना ऐकूच गेली नाही. त्या रात्री ते पुन्हा प्यायले; पुढे त्यांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी मामींना बाजूला घेऊन सांगितलं, की आता यकृत पुन्हा सोसणार नाही. आम्ही दोघींनी सगळ्यांना कावीळ झाली असं सांगितलं.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. माझे होणारे सासरे, त्यांना सगळे नाना म्हणतात, मामांना म्हणत होते, "आमी बठ्ठा तुमना हातनं भरीत खावाले येसूत." म्हणजे सगळेच्या सगळे येणार होते.

"सोडलंय मी आता ते," मामा म्हणाले.

"भाचीच्या साखरपुड्यालेबी?" काकांनी टाळी मागितली. "इतका भाव नका खाऊ मामा."

सगळे हसले. मामाही हसले. दुकानाला वळसा घालता येतो, ढाब्यापुढे डोळे मिटता येतात. भाचीच्या सासरच्यांना कुठून वळसा घालणार? "करू," ते म्हणाले. "पऱ्हाट्या माझ्याच शेतातल्या आणतो." बोलताना त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले होते. मामी पदराच्या काठाकडे बघत राहिल्या.

त्यांच्या हातचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी यांवर मी लहानाची मोठी झाले. तसं भरीत मी पुन्हा कुठे खाल्लं नाही, आता खाणारही नाही. अशा बैठकीत मुलीने ट्रे ठेवून आत जायचं असतं. मी ट्रे ठेवला आणि तिथेच उभी राहिले. खरं कारण सांगितलं असतं, तर मामा भर बैठकीत उघडे पडले असते.

"मला भरीत आवडत नाही," मी म्हणाले. "माझ्या साखरपुड्याला भरीत होणार नाही."